फक्कीची रेघ

१

नवरा जुनी नाणी जमवतो, पोस्टाची तिकिटं जमवतो, असं चारचौघांत सांगायला कुठल्याच बायकोला संकोच वाटत नाही. उल्काला ती सोय नव्हती. मोरेश्वर बेसबॉलच्या मॅचमधली लाइनअप कार्डं जमवायचा, आणि तीसुद्धा वापरलेलीच. आइंडहोवनच्या मराठी मंडळात तिने एकदा हे समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. समोरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पण क्रिकेटचं काहीच नाही का हो मिळत इथे?"

तर लाइनअप कार्ड म्हणजे एक जाड कागद. मॅचच्या आधी कोच त्यावर आपले नऊ खेळाडू बॅटिंगच्या क्रमाने लिहितो. एक प्रत अंपायरला जाते, एक समोरच्या टीमला, आणि एक मोठी प्रत डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंनी बसायच्या छपराच्या, भिंतीवर चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून डकवतात. खेळता खेळता कोणाला बदललं, की त्याच्या नावावर काट मारायची आणि शेजारी नव्याचं नाव लिहायचं. बेसबॉलमध्ये एकदा काट बसली की तो माणूस त्या मॅचपुरता संपला, परत आत येत नाही. मॅच झाली की कार्ड जातं कचऱ्याच्या डब्यात, आणि त्या डब्याशी मोरेश्वर उभा असायचा.

"कोरं कार्ड कोणाला हवंय? ते म्हणजे न वाटलेली लग्नपत्रिका," तो म्हणायचा. त्याला कोपऱ्यावरची फाटकी चिकटपट्टी हवी असायची, कॉफीच्या कपाचं वर्तुळ हवं असायचं, मैदानातल्या विटकरी मातीची बोटं हवी असायची. नेदरलँड्समध्ये बेसबॉल खेळतात हेच मुळात कोणाला ठाऊक नसतं. मोरेश्वरलाही नव्हतं. नाशिकला तो मध्यमगती गोलंदाजी करायचा, तेवढ्या भांडवलावर खेरित नावाच्या उंचापुऱ्या शेजाऱ्याने, तिथल्या हौशी टीमच्या कोचने, त्याला ओढत मैदानावर नेलं आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, करून टाकलं. पासपोर्टच्या ऑफिसातसुद्धा सरळ न उच्चारलं गेलेलं त्याचं नाव खेरितने एका दिवसात 'मो' करून सोपं केलं.

जमवण्याच्या बाबतीत मोरेश्वरचा एक नियम मात्र होता. मॅच संपल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही. हा नियम त्याने एकदाच मोडला, दोन हजार वीसच्या ऑक्टोबरात. पाऊस आला तेव्हा तोच बॉल टाकत होता, इनिंग अर्धवट होती. उरलेलं पुढच्या रविवारी खेळू, असं ठरवून सगळे पांगले. रविवार उजाडायच्या आत सरकारने मैदानं बंद केली. दोन दिवस मोरेश्वरने तळमळत काढले आणि तिसऱ्या दिवशी जाऊन डगआउटमधलं कार्ड काढून आणलं.

"भिजून लगदा झाला असता त्याचा," तो म्हणाला. फ्रेम होईपर्यंत म्हणून त्याने ते पॅसेजच्या भिंतीवर लावलं, त्याच्याच जुन्या चिकटपट्टीने. त्यावर पिचरच्या रकान्यात 'मो' असं लिहिलेलं होतं आणि त्यावर काट नव्हती. उल्काला ते फार आवडलं होतं, हेही सांगायला हवं.

२

डिसेंबरात मोरेश्वरला कोविडने गाठलं. नाताळ हॉस्पिटलात गेला, नवं वर्ष हॉस्पिटलात लागलं. फोनवर डॉक्टरांचा आवाज हळू झाला की उल्का फोन कानावर आणखी घट्ट दाबायची. पण गडी चिवट निघाला. जानेवारीच्या अखेरीस ऑक्सिजनचं मशीन घेऊन तो घरी आला.

जिना चढणं शक्यच नव्हतं, म्हणून भाड्याचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीला लावून टाकला होता. उल्काने भाकरतुकडा ओवाळून टाकला. भाकरीच्या ऐवजी आल्बर्ट हाइनच्या दुकानातला पाव होता आणि तो समोरच्या कालव्यातल्या बदकांनी खाल्ला. पुण्याहून आणलेल्या पुडीत चिमूट-दोन चिमूट रांगोळी उरली होती. तेवढ्यात काही फुलं-वेली होण्यासारखं नव्हतं. तिने खोलीच्या उंबऱ्याशी दाराच्या रुंदीची एक रेघ ओढली. उल्काच्या हातून वाकडी रेघ निघत नाही. अँब्युलन्सचे लोक स्ट्रेचर घेऊन आत येताना तिने असा काही आवाज दिला, की ते दोघे बिचारे ती रेघ ढांग टाकून ओलांडून गेले.

मग दिवसांना एक ठरावीक वळण आलं. मशीनची घरघर, तासातासाला बोटाला लावायचा ऑक्सिजन मोजायचा चिमटा, पेज, औषधं. उल्का स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडून ऑफिसचं काम करायची आणि कान पुढच्या खोलीत ठेवायची. हातात जोर यावा म्हणून फिजिओने मोरेश्वरला दाबायला एक मऊ बॉल दिला होता. तो त्याने एकदा मुठीत धरला तो सोडलाच नाही, झोपेतही नाही. त्याच आठवड्यात बर्फ पडला. दारापुढचा रस्ता, अंगण, सायकली, सगळं पांढरं होऊन बसलं.

एका सकाळी उल्का चहा ठेवायला उठली आणि पॅसेजमध्ये तिच्या तळव्याला काहीतरी खरखरलं. फरशीवर विटकरी रंगाची बारीक माती होती.

दुसरी एखादी असती तर तिने केरसुणी घेतली असती. पण धूळ हा उल्काचा धंदा होता. कॉम्प्युटरच्या चिपा बनवायची यंत्रं ज्या काचेसारख्या स्वच्छ खोल्यांत जुळवतात, तिथे एखादा कण सापडला तर तो कुठून आला हे शोधून काढायचा तिला पगार मिळायचा. त्यामुळे ती खाली बसली. माती भिंतीवरच्या कार्डाखाली सगळ्यात जास्त होती. तिथून खोलीच्या दाराकडे जाताना विरळ होत गेली होती, आणि मध्येमध्ये तिचे ठिपके पडले होते, खिळ्यांच्या बुटाचे पडतात तसे. दाराच्या अलीकडे एक पाऊल, पलीकडे एक पाऊल. पुढे पलंगापर्यंत. आणि तसेच परत.

मधली रांगोळीची रेघ मात्र जशीच्या तशी होती.

तिने बाहेरचं दार उघडलं. पायरीपासून फाटकापर्यंत बर्फावर एका पक्ष्याच्या नखांशिवाय काही नव्हतं. या घरात बूट घालून कोणी येत नाही. मीटर बघायला आलेला माणूससुद्धा मोजे दाखवत आत येतो. मोरेश्वरचे खेळायचे बूट मागच्या शेडमध्ये पिशवीत होते, कोरडे, नाड्या बांधलेले. ती परत आली, माती पुसली आणि हात साबणाने दोनदा धुतले.

३

"काल खेरित आला होता का गं?" पेज भरवताना मोरेश्वरने विचारलं.

"कोण येणारे? बाहेर बर्फ बघ."

"मग कोच कोण होता?" तो थांबला, श्वास गोळा करून पुन्हा बोलू लागला. "इथे उभा होता. म्हणाला, आहे ना दम? मी म्हटलं, आहे. मग गेला."

उल्काने चमचा वाटीत ठेवला. "स्वप्न पडलं असेल."

"असेल. पण बरोबर वागला. पहिल्यांदा कोच येतो तो विचारायला येतो." हे सांगताना त्याला मजा वाटत होती, बेसबॉलचं काही समजावून सांगताना नेहमी वाटायची तशी. "त्याच इनिंगमध्ये दुसऱ्यांदा आला ना, की विचारत नाही. पिचरला जावंच लागतं, नियम आहे तसा. कोच नुसता हात पुढे करतो. बॉल त्याच्या हातावर ठेवायचा आणि निघायचं."

"आणि नाही दिला तर?"

"देतातच गं. हात आपोआप पुढे जातो."

एवढं बोलून तो दमला आणि त्याने डोळे मिटले. उल्काने त्याच्या मुठीकडे पाहिलं. तिला त्या बॉलचा राग आला, आणि लगेच तो आहे तिथे असल्याचं बरंही वाटलं.

हाउसआर्ट्स, म्हणजे इथली घरची डॉक्टर, फोनवर म्हणाली की हॉस्पिटलातून आलेल्यांना असे पाहुणे दिसतातच, काळजी नको. एनस्खेडेला शिकणारी लेक वैदेही व्हिडिओवर म्हणाली, "आई, इट्स डिलिरियम. टोटली नॉर्मल. मी वाचलंय." उल्काला दोघींचंही पटलं. फक्त भासातून विटकरी माती झडते का, हे विचारायचं तिने टाळलं. आपल्या घरात धूळ आहे हे बाहेर सांगायला तिला अजून तरी लाज वाटत होती.

४

पुढे दोन-तीन दिवस माती दाराकडे आली नाही. कार्डाखालीच राहिली, रोज थोडी जास्त. जणू कोणी तिथे येरझाऱ्या घालत होतं.

उल्काने चिकटपट्टीने ती उचलून भिंगाखाली पाहिली. भाजलेल्या विटांचा चुरा होता, या देशात बेसबॉलच्या मैदानावर घालतात तो. कागदाला लागलेली माती सुकून झडत असेल, तिने स्वतःला सांगितलं. मूठभर? कागदातून? कामावर कोणी असं उत्तर दिलं असतं तर तिने त्याला परत पाठवलं असतं.

मग एका सकाळी मातीत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं दिसली. दातांनी फोडलेली. डगआउटमध्ये बसून कोच लोक मॅचभर हेच चघळत असतात, आजूबाजूला थुंकत असतात; मोरेश्वरला त्याची मनस्वी किळस होती. उल्काने एक टरफल उचललं. ते अजून ओलं होतं.

तिने ते टाकलं आणि भिंतीवरचं कार्ड काढायला हात वर केला. एक कोपरा सुटला, चर्र असा आवाज झाला.

"उल्का." खोलीतून हाक आली. इतक्या दिवसांत मोरेश्वरचा आवाज एवढा मोठा निघाला नव्हता. "नको काढूस ते."

ती दारात गेली. "का?"

"डगआउटच काढून टाकलंस, तर तो बसेल कुठे?" त्याचे डोळे छताकडे होते. "मग इथेच येऊन बसेल ना."

उल्काने परत जाऊन तो कोपरा अंगठ्याने दाबून बसवला. आणि तिला भयंकर संताप आला. माझा नवरा मी हॉस्पिटलाच्या तोंडातून ओढून आणलाय, तो काय असल्या थुंकणाऱ्याच्या हवाली करायला? तिला तेव्हा कळलं, की आपण मनातल्या मनात त्याच्याशी भांडायला लागलोय. म्हणजे तो आहे, हे आपण मान्य केलंय.

५

"ती ऑक्टोबरची मॅच पुरी करता येईल का?" तिने दुपारी खेरितला फोन करून विचारलं.

खेरित हसला, मग हसायला नको होतं असं त्याला वाटलं. "मैदानाला कुलूप आहे, उल्का. बाहेर दोघांपेक्षा जास्त जमले तर दंड करतात. दोघांत बेसबॉल कसा खेळणार? आणि मो उठून बसतो का तरी?"

"इनिंग किती राहिली होती?"

"एक माणूस बाद व्हायचा होता फक्त. मोने एक बॉल नीट टाकला असता तर संपलंच होतं. पाऊस थांबेना." म्हाताऱ्याला बोलायला कोणीतरी हवंच होतं, तो थांबायला तयार नव्हता. "मो पहिल्या दिवशी आला ना, तेव्हा मला एक गोष्ट त्याला शिकवावीच लागली नाही. मैदानाच्या कडेची ती पांढरी रेघ असते, तिच्यावर आमच्यातला कोणी पाय ठेवत नाही. अपशकुन होतो. ओलांडून जायचं. नवी माणसं हटकून विसरतात. मो आपला पहिल्या दिवसापासून ओलांडून. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? तर म्हणाला, आमच्याकडे बायका दारात पांढऱ्या रेघा काढतात, त्यावर पाय पडला तर आई धपाटा घालते."

उल्का फोन कानाशी धरून पॅसेजमध्ये आली होती. समोर तिची रेघ होती. अलीकडे पाऊल, पलीकडे पाऊल आणि मध्ये न विस्कटलेली रेघ.

"खेरित, कोचही पाय ठेवत नाहीत?"

"कोच? कोच तर मेला तरी ठेवणार नाही."

"तुझ्याकडे आखायची फक्की किती आहे?"

"अख्ख्या सीझनची पडलीये. एक पोतं न फोडलेलं आहे. का?"

"बाहेर काढून ठेव. मी येते."

का, हे त्याने पुन्हा विचारलं नाही. "स्टेर्कटे," एवढंच म्हणाला. आजारी माणसाच्या घरच्यांना इथे असंच म्हणतात, धीर धरा अशा अर्थाने.

मोरेश्वरला एकटं सोडायचं नव्हतं. तिने टॅब्लेट पलंगाशी उभा केला आणि वैदेहीला बापाकडे लक्ष ठेवायला बसवलं. सायकल बर्फात चालणार नव्हती, म्हणून शेडमधून वैदेहीची लहानपणची घसरगाडी काढली. क्लबच्या फाटकाबाहेर खेरितने पोतं ठेवलं होतं आणि तो स्वतः लांब उभा राहून हात हलवत होता. पोतं गाडीवर घालून उल्का निघाली. वाटेत मुलं घसरगाड्यांवर आरडाओरडा करत होती, त्यांच्या मधून ही पन्नाशीची बाई फक्कीचं पोतं ओढत चालली होती.

अर्ध्या वाटेत वैदेहीचा फोन आला.

"आई, फिजिओ आज येणार होता का?"

"नाही. का?"

"मग दारात कोण उभा होता? मला फक्त पाय दिसले. ग्रे पँट, सॉक्स गुडघ्यापर्यंत ओढलेले. आणि आई, शूज घालून! घरात! तू काही बोलली नाहीस त्याला?"

उल्काने गाडी थांबवली. "आत आला?"

"नाही, बाहेरच होता, तुझ्या त्या रांगोळीच्या पलीकडे. बाबांनी त्याला बॉल दाखवला. मग स्क्रीन फ्रीझ झाला. आता कोणी नाहीये. आई? हू वॉज दॅट?"

"तू बाबांशी बोलत राहा. काहीही बोल. थांबू नकोस," उल्का म्हणाली, आणि दोरी खांद्यावर टाकून पळत सुटली.

६

जन्मात पहिल्यांदा ती बूट घालून घरात शिरली. उंबऱ्याशी ताजी टरफलं पडली होती. टॅब्लेटमधून वैदेही तिच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातल्या भांडणांची हकिकत सांगत होती, आणि मोरेश्वर पडल्या पडल्या घामाने भिजला होता. उल्काने मुलीला म्हटलं, "मी आलेय, नंतर बोलते," आणि पोतं फोडलं.

नुसता ढीग ओतून चालणार नव्हतं. ढिगावर कोणीही पाय देईल, रेघेवर देणार नाही. म्हणून तिने हत्यारांच्या पेटीतली लांब पट्टी आणली आणि दार ते पलंग या मधल्या जागेत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक रेघ आखली. एकच रेघ. कडा सुतासारख्या सरळ, आणि रुंदी इतकी की कितीही लंबूटांग माणूस आला तरी त्याची ढांग पुरणार नाही. धूळ शोधायचा पगार घेणारी बाई स्वतःच्या बैठकीच्या खोलीत पोतंभर भुकटी पसरत होती. ऑफिसातल्यांनी बघितलं असतं तर कपाळाला हात लावला असता, असं तिच्या मनात आलं आणि चक्क हसू आलं.

ती मागे सरकत सरकत पलंगाशी आली तेव्हा बाहेर संध्याकाळ झाली होती. तिने दिवा लावला. इथल्या रिवाजाप्रमाणे खिडकीला पडदा नव्हता, त्यामुळे काळ्या काचेत सगळी खोली दिसू लागली.

पॅसेजच्या फरशीवर आवाज झाला. टक. मग दुसरा. खिळ्यांचे बूट, घाई नसलेल्या माणसाचे. टक, टक, आणि उंबऱ्याशी येऊन थांबले.

उल्काने दाराकडे पाहिलं नाही. तिचं तेवढं धैर्य झालं नाही. तिने खिडकीच्या काचेत पाहिलं. तिचा स्वतःचा चेहरा होता, पलंग होता, पांढरा पट्टा होता, आणि पट्ट्याच्या पलीकडे गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे. वरचा भाग दिव्याच्या प्रतिबिंबाने खाल्ला होता. त्या उजेडातून एक हात पुढे आला, तळवा वर.

मोरेश्वरचा हात पांघरुणातून निघाला. डोळे मिटलेले होते. बॉल धरलेली मूठ सावकाश पुढे जाऊ लागली, तो म्हणाला होता तशी, आपोआप. बोटं एकेक करून सैल होत होती. बोटाला लावलेला चिमटा किंचाळू लागला.

उल्काने ती मूठ दोन्ही हातांनी पकडली. इतक्या आजारी माणसाच्या हातात एवढा जोर कुठून आला होता कोण जाणे.

"सोड ना गं," मोरेश्वर पुटपुटला. "दमलो मी."

तिला रडू फुटलं. "दमलास तर दम. पडून राहा. पण बॉल सोडायचा नाही, सांगून ठेवते." मग तिने काचेतल्या त्या तळव्याकडे पाहिलं आणि आवाज चढवला. "एकच माणूस बाद व्हायचा राहिलाय. तो हाच करणार. जा तू." मराठी कळलं नसेल तर, म्हणून तिने हेच पुन्हा डचमध्ये सांगितलं.

तळवा हलला नाही. काचेत बुटाचं टोक उचललं गेलं आणि पांढऱ्या पट्ट्यावर अधांतरी राहिलं. त्यावरून विटकरी माती थोडी थोडी फक्कीवर पडत होती. बूट पुढे सरकला, जागा शोधली, आणखी पुढे ताणला. टेकायला कुठेच जागा नव्हती. उल्काने मूठ आणखी आवळली. मग टोक खाली आलं, पांढऱ्या कडेला निसटतं लागलं, आणि चटका बसावा तसं मागे गेलं.

टक. टक. आवाज पॅसेजमध्ये परत गेला. त्यानंतर लाकडी बाकावर कोणी जड माणसाने बसावं तसा करकर आवाज आला. त्यांच्या पॅसेजमध्ये बाक नाही.

उल्काने मूठ सोडली नाही. कितीतरी वेळाने चिमट्याचं किंचाळणं थांबलं आणि त्यावरचा आकडा हळूहळू वर चढू लागला.

"आज काय पेजच आहे का?" मोरेश्वर डोळे न उघडता म्हणाला. "जरा झणझणीत काहीतरी कर ना."

सकाळी त्याला स्वतःच्या पायांनी बाथरूमला जायचं होतं. उल्काच्या खांद्याचा आधार घेऊन तो उठला, नळी सांभाळत पट्ट्याच्या कडेशी आला आणि थांबला. पाय उचलला तो तसाच अधांतरी ठेवला.

"एवढी मोठी कशी ओलांडू? पाय पडेल ना त्यावर."

"पडू दे," उल्का म्हणाली. "दे पाय. चांगला दाबून दे."

जन्मभराच्या सवयीविरुद्ध जोर लावावा लागला, पण त्याने पाय ठेवला. मग दुसरा. पांढऱ्या पट्ट्यावर त्याची अनवाणी पावलं उमटत गेली आणि पुढे पॅसेजच्या फरशीवर पांढरी पावलं, कार्डाच्या अगदी खालून. उल्का मागून नळी धरून चालत होती आणि हसत होती. परतताना तिला कडेवर तो अर्धा ठसा दिसला, टोक आत वळलेलं. तो तिने चिमूटभर फक्कीने बुजवला. पट्टा तिने वसंत येईपर्यंत काढला नाही. घरात बारा महिने माखलेल्या पायांनी हिंडावं लागलं असतं तरी तिची तक्रार नव्हती.

७

जूनमध्ये मैदानं उघडली. मोरेश्वर वाळून काटकी झाला होता आणि थोडं चाललं की त्याला धाप लागत होती, पण खेरितने सगळ्यांना गोळा केलं. ऑक्टोबरची ती इनिंग जिथे थांबली तिथून पुढे खेळायची, आणि ती संपली की मॅच संपली असं समजायचं, असं दोन्ही टीमनी मान्य केलं. मोरेश्वरने कार्ड घरून नेलं आणि डगआउटच्या भिंतीवर होतं त्याच जागी लावलं. त्याच्या नावावर अजून काट नव्हती.

उल्का थर्मास घेऊन जाळीशी उभी राहिली. मोरेश्वर रेघ ओलांडून मधल्या उंचवट्यावर गेला. पहिला बॉल भलतीकडे गेला. दुसऱ्याच्या वेळी तो वाकून उभा राहिला, दम घेतला, आणि नाशिकच्या मैदानावर टाकायचा तसा खांद्यातून टाकला. बॅटचा काठ लागला. बॉल सरळ वर गेला, उन्हात दिसेनासा झाला आणि पहिल्या बेसवर उभ्या त्याच्याच टीमच्या माणसाच्या हातमोज्यात येऊन पडला.

अंपायरने मूठ हवेत उडवली. सगळे ओरडले. उल्का इतक्या जोरात ओरडली की थर्मासचं झाकण गवतात जाऊन पडलं. झेल घेणाऱ्याने बॉल मोरेश्वरला दिला, आणि तो कार्ड काढायला डगआउटकडे निघाला. आता त्याला ते घ्यायचा हक्क होता.

डगआउटच्या सावलीतून एक हात बाहेर आला होता. करड्या बाहीतला, तळवा वर. मॅच झाली की कोच पिचरकडून बॉल मागतो, त्यात विशेष काही नाही.

"काय टाकला मोने!" शेजारून खेरित म्हणाला. तो केव्हाच तिच्याजवळ जाळीशी येऊन उभा होता, आणि त्याच्या हाताला फक्की लागलेली होती.

उल्काने जाळी धरली. मोरेश्वर त्या तळव्यासमोर थांबला. त्याने तळव्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, जिथे चेहरा असायला हवा तिथे. मग तो हसला, बॉल पँटच्या खिशात घातला आणि वाकून सावलीत शिरला. चर्र, चर्र असे चिकटपट्टीचे चारही कोपरे सुटल्याचे आवाज आले. कार्ड गुंडाळून काखेत मारून तो बाहेर आला तेव्हा तिथे हात नव्हता.

तो सरळ तिच्याकडे चालत आला. वाटेत ती पांढरी रेघ होती. मोरेश्वरने तिच्यावर अख्खा पाय दिला, टाच घोळवून दिला. खेरितच्या तोंडून देवाचं नाव निघालं.

"चहा आणलायस ना?" मोरेश्वरने विचारलं.